क्रॉयडन ते डार्विन

भूगोलाच्या तासाला पृथ्वीचा गोल वर्गात नेला की मुलांचे पहिले बोट आपल्या गावावर जाते आणि दुसरे जगाच्या दुसऱ्या टोकाकडे. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलामुलींचे वडील, काका किंवा मामा बोटीवर नोकरीस असल्यामुळे दूरदूरच्या बंदरांची नावे त्यांस घरबसल्या पाठ असतात. असाच एकदा गोल वर्गात फिरत असता एका मुलीने दोऱ्याचे एक टोक लंडनवर धरले, दुसरे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन या गावावर टेकवले, आणि हे अंतर विमानाला किती तासांचे, असे आम्हांस विचारले. आम्ही उत्तर देणार तोच मागच्या बाकावरून सोळा-सतरा तास असे उत्तर आले. उत्तर बरोबर होते. २०१८ सालापासून ऑस्ट्रेलियातील पर्थ येथून लंडनपर्यंत सुमारे १४,५०० किलोमीटरचे अंतर विमाने मध्ये कोठेही न थांबता सतरा-एक तासांत कापू लागली, आणि २०२१-२२ मध्ये काही महिने डार्विनहूनही अशीच विमाने थेट लंडनला जात होती.

उत्तर बरोबर असूनही आमचे समाधान होईना. गोलावर दोरा ताणून मोजला तर लंडन व डार्विन यांमधील अंतर सुमारे ८,६०० मैल भरते. परंतु ज्या तरुणीने १९३० साली एकटीने हा प्रवास प्रथम केला, तिच्या प्रवासाचे अंतर सर्वत्र ११,००० मैल असे नोंदलेले आहे, आणि त्यास लागलेला वेळ साडेएकोणीस दिवस. मग हे वरचे चोवीसशे मैल आले कोठून? आणि तासाला पंचाऐंशी मैलांच्या वेगाने उडणाऱ्या यंत्राचे, हिशेबाने पाहता, हवेतील काम एकशे तीस तासांत आटोपावयास हवे. उरलेले तीनशेहून अधिक तास गेले कोठे? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो तर एमी जॉन्सन हिचे सबंध चरित्रच सांगावे लागते. म्हणून ते सांगतो.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर यॉर्कशायर परगण्यात हल नावाचे मोठे बंदर आहे. तेथे १ जुलै १९०३ रोजी एमीचा जन्म झाला. वडिलांचा मासळीचा व्यापार होता. मासळीचे नाव निघताच आम्हां गोमंतकीयांचे कान टवकारतात, हे खरे. पण येथे त्यास वेगळे कारण आहे. वडिलांच्या मालावर जेसन या नावाची छाप असे. ग्रीक पुराणातला जेसन सोनेरी लोकर आणण्यासाठी दूरदेशी गेला होता. मासळीच्या खोक्यांवरचे हे नाव पुढे एका विमानावर चढावयाचे होते.

चार बहिणींत एमी थोरली. शाळेत तिला खेळांची फार आवड. मुलांबरोबर क्रिकेट खेळताना चेंडू तोंडावर बसून तिचे पुढले दात तुटले आणि त्यावरून झालेली थट्टा तिच्या मनास बराच काळ लागून राहिली. पुढे शेफिल्ड विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन ती १९२५ साली बी. ए. झाली. आम्हीही कला शाखेचेच पदवीधर असल्यामुळे हा तपशील आम्हांस विशेष जवळचा वाटतो. कला शाखेच्या माणसाला सायकलची साखळीसुद्धा नीट बसविता येत नाही, अशी एक समजूत शिक्षकांच्या खोलीत रूढ आहे, आणि आमच्यापुरती ती खोटीही नाही.

पदवी मिळाली तरी पुढे काय, हे तिला ठाऊक नव्हते. हलमध्ये काही दिवस कारकुनी, मग लंडनमध्ये एका सॉलिसिटराच्या कचेरीत चिटणिशीचे काम. ज्या तरुणावर तिचे वर्षानुवर्षे मन जडले होते तो दुसरीशी विवाहबद्ध झाला. विमानाशी तिची पहिली ओळख हलमध्येच, पाच शिलिंग भरून मारलेल्या एका फेरीत झाली होती. आणि तीत काही विशेष मौज वाटली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. थोरांच्या चरित्रांत पहिल्याच दर्शनी जीवितकार्य गवसते, तसे येथे घडले नाही. सव्वीसाव्या वर्षात पदार्पण केलेली, नोकरीस कंटाळलेली ही मुलगी लंडनच्या उत्तरेस स्टॅग लेन येथील विमानांच्या क्लबात सप्टेंबर १९२८ मध्ये उड्डाण शिकावयास जाऊ लागली, ती मुख्यतः मन रमावे म्हणून.

शिष्या म्हणून ती मंद होती. इतरांस आठ-दहा तासांच्या शिकवणीत जे जमे, त्यास तिला जवळजवळ सोळा तास लागले, तेव्हा कोठे १९२९ च्या जून महिन्यात तिच्या हाती एकटीने विमान देण्यात आले. जुलैमध्ये वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याच वर्षी तिची पाठची बहीण आयरीन अकाली मरण पावली. या दुःखाने ती कामात अधिकच बुडाली, असे तिचे चरित्रकार मानतात.

आता आम्ही जेथे थोडे रेंगाळणार आहोत तो भाग येतो. उड्डाणाचा परवाना त्या काळी आणखीही काही स्त्रियांजवळ होता. श्रीमंत घरच्या स्त्रिया स्वतःच्या विमानांतून फिरत, आणि विमान उतरले की ते यंत्रज्ञांच्या स्वाधीन करून चहाला जात. एमी चहाला गेली नाही. ती विमानाच्या पाठोपाठ यंत्रशाळेत शिरली. क्लबाचे मुख्य यंत्रज्ञ जॅक हम्फ्रीज यांनी तिला आपल्या हाताखाली घेतले. कचेरीत जाण्यापूर्वी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर सायंकाळी ती इंजिन सोडविणे, झडपा घासणे, तेल बदलणे, कापड शिवणे असली कामे करू लागली. त्या पुरुषांच्या जगात प्रथम तिच्याकडे सगळे कुतूहलाने पाहत. पुढे ती त्यांचीच झाली आणि जॉनी या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच १९२९ साली तिने विमानांच्या देखभालीचा आणि दुरुस्तीचा सरकारी परवाना मिळविला. असा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होय.

आणि मग तिने ऑस्ट्रेलियाला जावयाचे ठरविले. बर्ट हिंकलर या वैमानिकाने १९२८ साली इंग्लंड ते डार्विन हे अंतर साडेपंधरा दिवसांत एकट्याने तोडले होते. तो विक्रम मोडावयाचा, हा एमीचा निश्चय. तिचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास लंडनहून हलपर्यंत, म्हणजे सुमारे दीडशे मैल. समुद्र तिने कधी ओलांडला नव्हता. मदतीसाठी तिने अनेकांचे दरवाजे ठोठावले; बहुतेक बंद राहिले. अखेर तेलाचे मोठे व्यापारी लॉर्ड वेकफिल्ड यांनी आणि तिच्या वडिलांनी मिळून पैसा घातला आणि सुमारे ६०० पौंडांत एक वापरलेले जिप्सी मॉथ जातीचे विमान विकत घेतले गेले. लाकडी सांगाडा, वर ताणून बसविलेले कापड, एकावर एक असे दोन पंख, शंभर अश्वशक्तीचे इंजिन आणि वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नाही. त्यास हिरवा रंग देऊन त्यावर रुपेरी अक्षरांत तिने वडिलांच्या मालावरचे नाव घातले : जेसन.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. दोरा सरळ ताणता येतो, कारण दोऱ्याला पेट्रोल लागत नाही. जादा टाक्या बसवूनही हे विमान एका दमात आठशे-नऊशे मैलांपलीकडे नेणे धोक्याचे होते. म्हणजे तितक्या अंतराच्या आत पेट्रोल मिळेल, विमान उतरेल एवढे मैदान असेल आणि अंधार पडण्यापूर्वी तेथे पोचता येईल, अशी ठिकाणे शोधावयास हवीत. रात्री उतरण्याची सोय जवळजवळ कोठेच नव्हती. बिनतारी यंत्र तिच्याजवळ नव्हते. वाट दाखविण्यास होकायंत्र, नकाशाच्या पट्ट्या आणि खाली दिसणाऱ्या नद्या व आगगाडीचे रूळ, एवढेच. तरीही पट्टी घेऊन तिने नकाशावर होता होईतो सरळ मार्ग आखला. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, कराची, कलकत्ता, रंगून, सिंगापूर, तिमोर असा तो मार्ग होता. या थांब्यांना जोडीत जाणारी वाट गोलावर मांडली की दोरा कसा वाकतो आणि कसा लांबतो, हे आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. वरचे चोवीसशे मैल तेथेच सापडतील.

५ मे १९३० रोजी सकाळी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून ती निघाली. हा तळ त्या काळी लंडनचा प्रमुख विमानतळ होता. १९५९ साली तो बंद झाला. निरोपास वडील आणि मूठभर माणसे. पेट्रोलच्या भाराने विमान प्रथम उचललेच नाही. परत फिरून तिने दुसऱ्यांदा धाव घेतली. विमानाच्या बाजूस एक जादा पंखा दोरीने बांधलेला होता. हा पंखा वाचकांनी लक्षात ठेवावा.

पहिल्या दिवशी व्हिएन्ना, दुसऱ्या दिवशी कॉन्स्टँटिनोपल. तिसऱ्या दिवशी टॉरस पर्वत आडवा आला. त्याच्या माथ्यावरून जाण्याइतकी उंची विमानाला घेववेना, तेव्हा आगगाडीच्या रुळांवर नजर ठेवून दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून ती निघाली आणि मध्येच ढगात शिरली. कडा हाताच्या अंतरावर येऊन गेला असे म्हणतात. कशीबशी अलेप्पो गाठली. चौथ्या दिवशी बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने विमान खाली दाबले आणि वाळवंटातच उतरविले. चाकांमागे सामान रचून, इंजिनावर कापड घालून, विमान उडून जाऊ नये म्हणून ती त्याच्या शेपटीवर बसून राहिली. दूरवर कुत्री भुंकत होती. हाती पिस्तूल होते. वादळ ओसरल्यावर ती पुन्हा उडाली. बगदादला उतरताना चाकांचा दांडा मोडला, तो रातोरात दुरुस्त झाला. इराणच्या आखातावरील बंदर अब्बासला पुन्हा मोडतोड आणि पुन्हा दुरुस्ती.

दिवसभर आठ-दहा तास उडावयाचे. उतरल्यावर पेट्रोल गाळून भरावयाचे, इंजिन तपासावयाचे, तेल बदलावयाचे. दोन-तीन तास पाठ टेकावयाची आणि पहाटे पुन्हा निघावयाचे, असा तिचा क्रम होता. आमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे. उडण्याचा वेळ थोडा. उडता यावे म्हणून जमिनीवर खर्ची पडलेला वेळ मोठा. स्टॅग लेनच्या यंत्रशाळेतील त्या पहाटा नसत्या, तर ती बंदर अब्बासच्या पुढे गेली असती की नाही, याची आम्हांस शंका आहे.

१० मे रोजी ती कराचीस पोचली. क्रॉयडन ते कराची सहा दिवस! हिंकलरपेक्षा ती दोन दिवस पुढे होती. क्रॉयडनहून निघताना जिची वार्ता वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात आली होती, तिचे नाव आता पहिल्या पानावर झळकू लागले. योगायोग असा की त्याच मे महिन्यात आगाखानांनी ठेवलेल्या पारितोषिकासाठी हिंदी तरुण वैमानिकही इंग्लंड आणि कराची यांमध्ये एकटे उडत होते. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे येत होते आणि जे. आर. डी. टाटा कराचीहून तिकडे जात होते. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा टाटांनी आपल्याजवळचे जादा स्पार्क प्लग आपल्या प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले. आणि पारितोषिक अस्पींनी पटकाविले. हे अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले, आणि टाटांनी १९३२ साली कराची ते मुंबई टपालाचे विमान सुरू करून आपल्या देशातील विमानवाहतुकीचा पाया घातला. असो. हे विषयांतर झाले खरे, पण मोठे गोड विषयांतर आहे.

कराचीहून एमीला एका दिवसात अलाहाबाद गाठावयाचे होते. अंतर नऊशे मैलांहून थोडे अधिक. पेट्रोल पुरेना. दिवस कलला असता खाली एक गाव आणि लष्कराचे कवाइतीचे मैदान दिसले, तेथे ती उतरली. धावत्या विमानाचा पंख एका खांबाला लागून फाटला आणि बराकींच्या दारात ते थांबले. ते गाव होते झाशी. मराठी माणसाला झाशीचे नाव ऐकून मनात काय येते, ते सांगावयास नको. मराठी वाणीच्या त्या राणीने १८५८ साली जेथून घोडा बाहेर काढला, तेथे बहात्तर वर्षांनी वाट चुकलेली एक दमलेली मुलगी आकाशातून उतरली आणि तिचे पहिले काम काय, तर फाटलेल्या पंखासाठी सुतार शोधणे. पंख जोडून दुसऱ्या दिवशी अलाहाबादेस पेट्रोल घेऊन ती कलकत्त्यास गेली.

पुढे पावसाने गाठले. मे महिन्याच्या मध्यावर ब्रह्मदेशात मोसमी पाऊस दाखल होतो, हे आमचा पाचवीचा विद्यार्थीही सांगेल; पण नकाशावर पट्टीने रेघ ओढताना पाऊस दिसत नाही. १३ मे रोजी रंगूनजवळ धो-धो पावसात तिला घोड्यांच्या शर्यतीचे मैदान सापडेना. एक मोकळे मैदान पाहून ती उतरली. ते निघाले इन्सीन येथील सरकारी तंत्रशाळेचे फुटबॉलचे मैदान. विमान धावत जाऊन पलीकडच्या चरात नाकावर आपटले. पंखा मोडला, चाके मोडली, पंख फाटला.

येथे आम्हां शाळामास्तरांस सर्वांत प्रिय असलेला प्रसंग घडतो. रंगूनमध्ये विमानांचा कारखाना नव्हता, पण शाळा होती. तेथील शिक्षक व विद्यार्थी कामास लागले. मोडलेले लाकडी भाग नव्याने तासले गेले. पंखावर घालण्यास विमानी कापड हवे होते. महायुद्धातून उरलेले असे कापड रंगूनमध्ये कोणी स्वस्तात घेऊन त्याचे सदरे शिवले होते. ते सदरे उसवून पंख मढविला गेला. कापड ताठ करणारे रोगण एका औषधवाल्याने घोटून दिले. मोडक्या पंख्याच्या जागी क्रॉयडनपासून बरोबर आणलेला तो जादा पंखा चढला. एमी स्वतः इंजिनात हात घालून बसली होती. मग आग विझविण्याच्या बंबामागे बांधून विमान शर्यतीच्या मैदानावर नेण्यात आले आणि १६ मे रोजी ते बँकॉककडे उडाले.

परंतु तीन दिवस गेले होते, आणि त्यांबरोबर विक्रमही गेला होता. हिशेब तिला कळत नव्हता असे नाही. १८ मे रोजी ती सिंगापुरास पोचली, तेव्हा पुढे एकही अडचण आली नाही तरी हिंकलरला गाठणे जवळजवळ अशक्य आहे, हे उघड होते. आणि अडचण तर दुसऱ्याच दिवशी आली. जावा बेटावर वादळाने तिला ऊसमळ्यांच्या मुलखात चोमल येथे उतरविले. जमिनीत रोवलेल्या बांबूच्या खुंट्यांनी पंखांना भोके पडली. ती तिने जखमेवर लावावयाच्या गुलाबी चिकटपट्टीने बुजविली. सुराबाया येथे इंजिनाच्या दुरुस्तीत एक दिवस गेला. मग तिमोर. त्या बेटाचा पूर्वार्ध तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि एके काळी त्याचा कारभार आमच्या गोव्यातून चाले. एमीला जावयाचे होते पश्चिमार्धातील डचांच्या अतांबुआ येथे. काळोख पडता पडता ती उतरली ती भलत्याच ठिकाणी, हालिलुलिक या खेड्यापाशी. तेथे तारेची सोय नसल्यामुळे त्या रात्री जगाला तिचा ठाव लागेना. हलमध्ये आई-बापांनी ती रात्र कशी काढली असेल, याची कल्पना ज्यांचे आप्त समुद्रावर आहेत त्यांसच यावी.

शेवटचा टप्पा समुद्राचा होता, सुमारे पाचशे मैलांचा. खाली फक्त पाणी आणि वर चिकटपट्ट्या लावलेले पंख. निम्म्या वाटेवर फोरस नावाची तेलवाहू बोट दिसली. बोटीवरील लोकांनी तिला पाहिले आणि बिनतारी संदेशाने डार्विनला कळविले. २४ मे १९३० रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास जेसन डार्विनच्या मैदानावर उतरला. विक्रम मोडला नव्हता. तरीही इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडून येणारी ती जगातील पहिली स्त्री होती.

विक्रम चार दिवसांनी हुकला, म्हणून ती स्वतः खट्टू होती. लोकांना मात्र त्याचे काही वाटले नाही. ऑस्ट्रेलियात जेथे जाईल तेथे तुडुंब गर्दी; तिच्यावर गाणी रचली गेली; राजाकडून सन्मान मिळाला; एका मोठ्या वर्तमानपत्राने १०,००० पौंड देऊ केले. तारखेवरून आम्ही हिशेब केला : कचेरीतील चिटणीस म्हणून तिला ओळखणारे जग आणि ही गर्दी, यांमध्ये वीस दिवसांचेही अंतर नव्हते. ते अंतर तोडणे तिला विमानप्रवासापेक्षा जड गेले. ब्रिस्बेनला उतरताना थकव्याने विमान मैदानाबाहेर जाऊन उलटले. इंग्लंडला परतल्यावर सत्कारांची ठरलेली मालिका तिने अर्ध्यावर सोडून दिली; शरीर आणि मन दोन्ही थकली होती. सिडनीच्या शाळकरी मुलांनी जमवून दिलेल्या पैशांतून तिने एक सुवर्णचषक करविला आणि तो हलमधील धैर्य दाखविणाऱ्या मुलास देण्यासाठी आपल्या गावास अर्पण केला. तिच्या सगळ्या मानपत्रांपेक्षा आम्हांस हा चषक अधिक आवडतो.

पुढील दहा वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. १९३१ साली जॅक हम्फ्रीज यांच्यासह ती लंडनहून एका दिवसात मॉस्कोला आणि पुढे टोकियोला गेली. १९३२ साली तिने जिम मॉलिसन या नामांकित वैमानिकाशी विवाह केला आणि थोड्याच महिन्यांत लंडन ते केपटाउन या प्रवासातील त्याचाच विक्रम मोडला. १९३३ साली दोघे मिळून अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या अलीकडे विमान कोसळून जखमी झाले. १९३४ च्या इंग्लंड-मेलबर्न शर्यतीत हे दांपत्य सुमारे बावीस तासांत कराचीस पोचले. चार वर्षांपूर्वी त्याच अंतराला सहा दिवस लागले होते! पण याच शर्यतीचा शेवट पाहण्यासारखा आहे. कराचीहून अलाहाबादकडे जाताना वाट चुकून दोघे जबलपुरास उतरले. तेथे विमानाचे उंची पेट्रोल नव्हते. मोटारबसचे पेट्रोल भरून उडाले, इंजिन जळाले आणि अलाहाबादेस शर्यत संपली. यंत्र कितीही वेगवान झाले तरी वाटेवरच्या गावी योग्य ते पेट्रोल असावे लागते, हा १९३० चाच धडा पुन्हा मिळाला. १९३६ साली तिने केपटाउनचा विक्रम परत मिळविला. तो तिचा अखेरचा विक्रम. १९३८ मध्ये विवाहबंधन तुटले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडला वैमानिकांची गरज होती. कारखान्यातून निघालेली विमाने लष्करी तळांवर नेऊन पोचविण्यासाठी एक साहाय्यक दल उभारले गेले होते. त्यात एमी १९४० साली दाखल झाली. काम अप्रसिद्धीचे. आज हे विमान या तळावरून त्या तळावर, उद्या दुसरे. गर्दी नाही, हार नाहीत. जगप्रसिद्ध स्त्रीने असे हमालीवजा काम पत्करावे याचे काहींना नवल वाटले; आम्हांस वाटत नाही. यंत्रशाळेतील जॉनीला साजेसेच ते काम होते.

४ जानेवारी १९४१ रोजी एक ऑक्सफर्ड जातीचे विमान घेऊन ती स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथून निघाली आणि रात्री ब्लॅकपूल येथे आपल्या बहिणीकडे राहिली. ५ तारखेस सकाळी हवा वाईट होती. पोचावयाचे होते ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळावर. ब्लॅकपूल ते किडलिंग्टन हे अंतर सरळ रेषेत सुमारे दीडशे मैल आहे. १९३० पूर्वी तिचा जो सर्वांत लांबचा प्रवास होता, लंडन ते हल, जवळजवळ तेवढेच. त्या विमानाला दीड तास पुरे होता. बाराला काही मिनिटे असताना ती निघाली. विमानात बिनतारी यंत्र नव्हते. खाली ढगांचा अखंड थर होता.

दुपारी साडेतीनच्या सुमारास, मुक्कामाच्या ठिकाणापासून शंभर मैल दूर, टेम्स नदीच्या मुखाशी हर्न बे गावासमोर समुद्रात एक हवाई छत्री उतरताना हेझलमियर या युद्धनौकेवरील खलाशांना दिसली. बर्फ पडत होते. नौका वळविताना वाळूत रुतली. पाण्यातल्या व्यक्तीकडे दोर फेकले गेले, पण ते तिच्या हाती लागले नाहीत. नौकेचे अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांनी त्या गोठविणाऱ्या पाण्यात उडी घेतली. त्यांना बाहेर काढले तेव्हा ते बेशुद्ध होते आणि थोड्याच वेळात त्यांचा अंत झाला. एमीचे वय सदतीस होते. लाटांवर तिचे सामान सापडले. देह सापडला नाही.

जेसन मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात सुरक्षित आहे. छतापासून टांगलेल्या त्या विमानाचे कापड, लाकूड आणि उघडी बैठक खाली उभे राहिले की स्पष्ट दिसते. आमच्या वर्गातील त्या मुलीने दुसऱ्या दिवशी गोलावर टाचण्या लावून दोरा व्हिएन्ना, बगदाद, कराची, झाशी, रंगून, सिंगापूर, तिमोर असा फिरविला. तो तिला कमी पडला. दुसरा आणून जोडावा लागला.